विसरायची सुई

भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव पेशंटला कधीही आठवत नाही. ज्यानं ऑपरेशन केलं त्याच्या घरी दिवाळीला मिठाईचा पुडा जातो. ज्या बाईनं त्या तासाभरात पेशंटचा श्वास सांभाळला तिला तोच पेशंट आठ दिवसांनी जिन्यात भेटतो आणि म्हणतो, "ओ ताई, जरा बाजूला." चौतीस वर्षं मी भिवंडीत भूल दिली आणि या गावात मला "भूलवाल्या मॅडम" याखेरीज दुसरं नाव मिळालं नाही. सुरुवातीला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की पेशंटला मी आठवत नाही याचा अर्थ माझं काम नीट झालं. विसरायला लावणं हाच माझा धंदा होता.

आमच्या गावात भूलतज्ज्ञाला स्वतःचा दवाखाना नसतो, पाटी नसते. एक बॅग असते. फोन आला की बॅग उचलायची, धामणकर नाक्याला शेअर रिक्षात तिसरी म्हणून घुसायचं आणि ज्या नर्सिंग होमनं बोलावलंय तिथे हजर व्हायचं. सर्जन बहुतेक वेळा हात धुऊन तयार असतो आणि उशीर माझ्यामुळेच झाला असा चेहरा करून उभा असतो. पेशंटशी बोलायला मिळतात दोन मिनिटं. काही खाल्लंय का, दमा आहे का, कवळी आहे का. चौथा प्रश्न विचारायच्या आत मी त्याला झोपवलेलं असतं. बोलणं हा आमच्या कामाचा भागच नाही.

या सगळ्या औषधांमध्ये माझा विशेष जीव होता केटामाइनवर. बाकीच्या बहुतेक भुलींनी पेशंटचा श्वास मंदावतो, मग तो आपण चालवायचा. केटामाइन दिलेला माणूस शक्यतो आपला आपण श्वास घेत राहतो. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांमागे तो घरी नसतो. भिवंडीची वीज कशी आहे हे भिवंडीकरांना सांगायला नको. हातातली शस्त्रक्रिया आणि वरचे दिवे दोन्ही अर्धवट, सर्जन देवाचा धावा करतोय, सिस्टर बॅटरी शोधतेय, आणि माझा पेशंट आपला शांत श्वास घेतोय, असे प्रसंग मी खूप पाहिलेत. केटामाइन नसतं तर त्यातले काही आज हयात नसते.

फक्त एक खोड आहे या औषधाची. माणूस त्यातून बाहेर येताना भलतीच स्वप्नं घेऊन येतो. लूमच्या पट्ट्यात हात सापडलेला एक कारीगर आमच्याकडे आणला होता. हात वाचला. पण भुलीतून येताना तो दुसऱ्या हातानं हवेत तुटलेले धागे गाठायला लागला. "धागा टूटा, धागा टूटा" म्हणत होता. आम्हाला सगळ्यांना हसू आलं, मलाही. दुसऱ्या दिवशी त्यानं माझा हात धरून विचारलं, "मॅडम, मैं मशीन के अंदर कितना टाइम था?" त्याला वाटत होतं की आपण तासन्‌तास लूमच्या आत फिरत होतो. त्यानंतर मी कधी हसले नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. केटामाइन दिलं की मिडाझोलाम नावाच्या दुसऱ्या औषधाची सिरिंज भरून, त्यावर नारिंगी पट्टी चिकटवून, कोटाच्या उजव्या खिशात ठेवायची. पेशंट रडायला, ओरडायला, उठून बसायला लागला की ती टोचायची. तो शांत होतो, आणि मुख्य म्हणजे त्या सुईनंतरचं त्याला पुढे काहीही आठवत नाही. माझ्या सिस्टर तिला "विसरायची सुई" म्हणायच्या. आणि पेशंट जागा झाला की माझं एक ठरलेलं वाक्य होतं: "काही नाही झालं, छान झोपलात." हजारो लोकांना मी हे वाक्य म्हटलं असेन. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खोटं होतं, पण त्यानं कुणाचं वाईट झालं नव्हतं.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मी बॅग ठेवून दिली. वर्षभर घरी बसून शेजाऱ्यांना वैतागही देऊन झाला. मग एक दिवस नाझिया आली.

नाझिया म्हणजे आमच्या गावची मानसोपचारतज्ज्ञ, आणि तिच्या जन्माच्या वेळी तिच्या आईला सिझरची भूल मी दिली होती. त्यामुळे चारचौघांत ती मला मॅडम म्हणते आणि एरवी मावशी. धामणकर नाक्याजवळ एका औषधाच्या दुकानावर तिचा दवाखाना. ती म्हणाली, "मावशी, ज्यांचं डिप्रेशन गोळ्यांना दाद देत नाही अशा काही जणांना मी केटामाइन देणार आहे. अगदी कमी, भुलीच्या डोसच्या कितीतरी खाली. शिरेतून चाळीस मिनिटं, थेंबथेंब. पण बीपी, श्वास बघायला मला तुमच्यासारखं माणूस पाहिजे."

"आणि तू काय करणार?"

"मी बसणार. आधी बोलणार, नंतर बोलणार. मधे ते बोलले तर ऐकणार."

मी हसले. केटामाइन देऊन माणसाला बोलतं ठेवायचं, हे मला स्वयंपाक करून जेवायचं नाही असं वाटलं. तिनं मला नीट समजावलं. वर्षानुवर्षं एकाच विचाराच्या चरकात फिरणारं मन या औषधानं काही काळ सैल होतं. माणसाला आपलंच दुःख जरा लांबून दिसतं. हा सैलपणा काही दिवस टिकतो. त्या दिवसांत त्यानं काय पाहिलं, काय बोलला आणि घरी जाऊन काय वेगळं केलं, त्यावर पुढचं सगळं. "औषध उतरतं, मावशी. माणसानं त्यात जे केलं ते राहतं. आणि ते आठवायला हवं. तुमची ती नारिंगी सुई इथे फक्त अडीनडीला."

"बरं," मी म्हटलं. पहिल्या दिवशी मी नारिंगी पट्टीची सिरिंज भरली आणि खिशात ठेवली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

सगळ्यांना गुण आला असं मी म्हणणार नाही. सुताचे एक व्यापारी काळा चष्मा न काढता खुर्चीत आडवे झाले, चाळीस मिनिटं छताकडे बघून "हे तर काहीच नाही" म्हणाले आणि परत आले नाहीत. एका शिक्षिकेला तीन वेळा देऊनही कणभर फरक पडला नाही. ती उठताना माझी समजूत काढून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि एका आजोबांनी मात्र दुसऱ्या खेपेनंतर आठ महिन्यांनी पहिल्यांदा दाढी केली आणि ती दाखवायला मुद्दाम रिक्षा करून आले.

मग बाळाराम आले.

दापोड्याचे. पन्नाशी उलटलेली. शेतांवर गोदामं उभी राहिलेली, अंगठ्या, पांढरा शर्ट, म्हणजे आमच्याकडे ज्याला शेठ म्हणतात तसे. पण त्या शर्टाची बटणं दुसऱ्या कुणीतरी लावल्यासारखी दिसत होती. सहा महिने ते खाटेवरून उठत नव्हते. तीन डॉक्टर झाले होते. आपण नसलेलं बरं, असं त्यांनी घरी दोनदा बोलून दाखवलं होतं.

त्यांना घेऊन यायची वनिता, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ, हिरामण, तीन वर्षांपूर्वी गेला. एका हळदीहून पहाटे दोघं भाऊ गाडीतून परतत होते. कल्याण रस्त्याला कोन गावाच्या अलीकडे नाल्यावर एक मोरी आहे, तिथे गाडी कठड्यावर आदळली. हिरामण जागीच गेला, बाळाराम वाचले. हिरामण पिऊन गाडी चालवत होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण गावकऱ्यांनी बाहेर काढल्याबरोबर बाळारामांनीच तसं सांगितलं होतं. घरात सासू उठता बसता वनिताला ऐकवायची, "तुझा नवरा माझ्या मोठ्यालाही घेऊन चालला व्हता."

बाळारामांची बायको सासूच्या आजारपणात अडकलेली, म्हणून हिंडायफिरायचं काम वनिताकडे. नवरा गेल्यावर ती गाडी शिकली होती. बाळारामांनी अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता आणि ते पुढच्या सीटवरही बसत नसत. मागे बसायचे, कोपऱ्यात. वनिता त्यांना वर सोडायची आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची, मांडीवर डबा. उपाशीपोटी यायला सांगितलेलं असायचं, म्हणून झाल्यावर त्यांना खायला भाकरी आणि सुकटीची चटणी.

पहिल्या दोन खेपांना ते काही बोलले नाहीत. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं. नाझिया म्हणाली, चांगलं आहे.

तिसऱ्या खेपेला विसाव्या मिनिटाला त्यांचे नाडीचे ठोके वाढले. मॉनिटर टीक टीक करायला लागला. बीपी चढलं, तरी घाबरण्याइतकं नव्हतं. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला. असा आवाज मी ऑपरेशन टेबलावर शेकडो वेळा ऐकला आहे. नाझिया त्यांच्याकडे झुकून म्हणाली, "मी इथे आहे. काय दिसतंय?"

आणि मी टोचली. मी ठरवलं असं म्हणणंही खोटं होईल. माझा हात खिशात गेला, नळीपाशी आला, अंगठ्यानं दांडा दाबला, आणि मग मला कळलं की मी काय केलं. नाझियानं माझ्याकडे पाहिलं तोवर औषध आत गेलं होतं.

ते मागे टेकले. डोळे जड झाले. आणि त्या जडपणात, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "गाडी मी चालवत व्हतो. हिरामणनी चावी माझ्या हातात दिली. तो बाजूला बसला व्हता. मना डुलकी लागली. मी त्याच्यावर घातलं. मी मेलेल्या भावावर घातलं."

मग ते झोपले.

तासाभरानं जागे झाले. आधी माझ्याकडे, मग नाझियाकडे पाहिलं. "मी कायतरी बोललो काय?"

नाझिया तोंड उघडणार, त्याच्या आधी माझं चौतीस वर्षांचं वाक्य बाहेर पडलं. "काही नाही झालं, छान झोपलात."

बाहेर वनितानं डब्याचं झाकण उघडत विचारलं, "बोलले काय दादा?" मी तिलाही तेच सांगितलं. तिच्या हातातली ती भाकरी बघून मला तिथे उभं राहवेना.

ते गेल्यावर नाझियानं दार लावून घेतलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तीन वर्षं ते एकटे हे घेऊन फिरतायत. आज ते बाहेर आलं. आपण दोघींनी ऐकलं. आणि बोलणाऱ्यालाच माहीत नाही की तो बोलला. मावशी, आता ते आणखी एकटे झाले."

"मी सांगते त्यांना."

"काय सांगणार? तुम्ही असं असं बोललात? या अवस्थेत? जे त्यांनी स्वतः शुद्धीत म्हणायला हवं ते आपण त्यांच्यावर आरोपासारखं वाचून दाखवायचं?" तिनं ती रिकामी सिरिंज उचलून बाजूला ठेवली. "पण सुई दिली आणि तुम्ही बोललात, एवढं सांगायलाच हवं होतं. तेव्हाच. परवा येतील तेव्हा सांगू."

परवा उजाडला तो वनिताच्या फोननं. सकाळचे दहा वाजले असतील. "मॅडम, दादा घरात न्हाईत. फोन घरात ठेवलाय. अंगठ्यापन काढून ठेवल्यात."

नाझियानं बाहेरच्या पेशंटना हात जोडले आणि आम्ही खाली उतरलो. वनिता गाडी घेऊन नाक्यावर आलीच होती. घरची माणसं खाडीकडे, गोदामांकडे पाहायला गेली होती. मी मागे बसले आणि न राहवून बोलून गेले, "कोनला बघूया."

वनितानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "कोनला कशाला?"

नाझियानं सावरून घेतलं, "अशी माणसं कधी कधी त्या जागेवर जातात, वनिताताई. बघून तर येऊ."

कल्याण रस्त्याला कंटेनरची रांग लागली होती. आमची गाडी दोन ट्रेलरच्या मधे अडकली, पुढे सरकेना. माझ्या घड्याळाचा काटा मात्र सरकत होता. भुलीच्या टेबलावर ठोके कमी झाले तर काय करायचं हे मला माहीत असतं. इथे माझ्या हातात काही नव्हतं. एका माणसाचा जीव माझ्या सवयीमुळे जाणार, हे एवढंच डोक्यात फिरत होतं.

वनिता हॉर्न वाजवायची थांबली आणि समोर बघत बोलायला लागली. कुणाला सांगत होती कोण जाणे. "त्या रात्री मी यांना फोन केला व्हता हळदीत. म्हनलं, पिलात तर गाडीला हात लावू नका, चावी दादांकडं द्या. हो बोलले. पोरीची शप्पथ घेऊन हो बोलले. आनि बघा. आईंचं ऐकून घेते मी, त्याचं कायबी वाटत न्हाय. पन ते मना हो बोलले व्हते ना? ते खोटं बोलले, ते रोज टोचतं."

नाझियानं मान खिडकीकडे वळवली. माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. चारच शब्द, त्याने चावी दिली होती, आणि या बाईची तीन वर्षं त्या चार शब्दांनी बदलली असती. पण ते शब्द माझे नव्हते. खुर्चीत पडलेल्या माणसाच्या तोंडून ते माझ्या कानात पडले होते आणि त्यालाही ते माहीत नव्हतं. मी ओठ मिटून बसले. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

रांग सुटली. मोरी आली. कठड्याचा तुटलेला भाग नव्या सिमेंटनं सांधलेला होता आणि त्यावर पांढऱ्या शर्टात बाळाराम बसले होते, पाठ रस्त्याकडे, पाय पलीकडे सोडून. खाली नाला. मागून ट्रक गेला की त्यांचा शर्ट फडफडायचा.

वनिता धावत निघाली. नाझियानं तिला हाताला धरून गाडीपाशी थांबवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही जा. हे तुम्हीच बोलायला हवं." आणि स्वतः चार पावलं मागून आली, हात पुरेल इतक्या अंतरावर.

गुडघे दुखत होते तरी मी त्या कठड्याला टेकले. बाळारामांनी मान वळवली नाही. नाझियाकडून एक गोष्ट मी शिकले होते, सरळ विचारायचं. मी विचारलं, "जीव द्यायला आलात का?"

"आलो तेव्हा ठरलं नव्हतं," ते म्हणाले. मग नाल्याकडे बघत, "मॅडम, मना आठवत न्हाय. तुमच्याकडं मी कायतरी बोललोय. तोंडाला कळतंय, डोक्याला कळत न्हाय. दोन दिवस घरात सगळ्यांची तोंडं बघतोय. कोनाला म्हाईत हाय? आईला? वनिताला? वाटलं, इथं येऊन बसलो तर आठवंल."

मी म्हटलं, "बाळारामभाऊ, चूक माझी आहे. तुम्ही बोलायला लागलात आणि मी घाबरून तुम्हाला विसरायची सुई दिली. तशी गरज नव्हती. तुम्ही त्यानंतर बोललात. जागे झाल्यावर मला विचारलंत, तेव्हा मी काही नाही झालं म्हटलं. ते खोटं होतं. मी खोटं बोलले."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोललो?"

"ते तुमचं आहे. ते मी नाही सांगणार. तुम्हालाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही."

"म्हंजे तुमाला म्हाईत हाय."

"हो."

"डॉक्टरनला पन?"

"हो. आम्हा दोघींनाच. घरात कोणालाही माहीत नाही."

मागून एक कंटेनर गेला आणि कठडा हादरला. मी नकळत त्यांचं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसं. ते म्हणाले, "आनि तरी तुमी इथं आलात."

"आलो," मी म्हटलं. "पाय अलीकडे घ्या आधी. माझे गुडघे दुखतायत, मला धरून उठवायला कुणीतरी लागेल."

त्यांनी पाय अलीकडे घेतले. आणि खरोखर मला हात देऊन उठवलं.

त्यांना दाखल करायचं का, यावर नाझियानं बराच विचार केला. शेवटी घरच्यांना बसवून एक मिनिटही एकटं सोडायचं नाही असं बजावलं आणि रोज स्वतः त्यांच्याशी बोलत राहिली. मला तिनं कामावरून काढलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. तिनं एवढंच केलं की नारिंगी पट्टीची सिरिंज माझ्या खिशातून काढून तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. लागली तर मागायची, कारण सांगायचं, मग मिळेल.

पुढच्या खेपेला पुन्हा विसाव्या मिनिटाच्या सुमाराला तसंच झालं. ठोके वाढले, ते उठायला लागले, घशातून तो आवाज. माझा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. मॉनिटरवरचे आकडे मी पाहिले, पुन्हा पाहिले. आकडे ठीक होते. घाबरलेली मी होते. मी तो हात बाहेर काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा एका पेशंटचं रडणं पूर्ण होईपर्यंत बसून ऐकलं. ते ओरडून रडले. सगळं बोलले. औषध उतरल्यावर नाझियानं विचारलं, "काय आठवतंय?" त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, चावीसकट. आणि शेवटी म्हणाले, "वनिताला बोलायचंय मना."

"आज नको," नाझिया म्हणाली. "उद्या. औषध अंगात नसताना."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं आली. बाळाराम खुर्चीवर, आडवे नाही, ताठ. वनिता समोर. ते तिच्याकडे बघून बोलले. चार वाक्यांत बोलले. तीन वर्षं लागलेली गोष्ट सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

मला वाटलं, वनिता आता त्यांच्या मुस्काटात देईल, आणि दिली असती तर मी मधे पडले नसते. ती म्हणाली, "चावी तुमी मागितली का त्यांनी सवताहून दिली?"

"सवताहून. मी मागितली न्हाय."

"काय बोलले?"

"बोलला, दादा तू चालव. वनिताला हो बोललोय."

तेव्हा ती रडली. पदर तोंडात कोंबून रडली. खुर्चीतला माणूसही रडत होता, पण ती त्याच्यासाठी रडत नव्हती, हे कुणालाही कळलं असतं. मग तिनं तोंड पुसलं. "हे घरी बोलायचं. आईंसमोर, माझ्या पोरीसमोर."

"बोलतो."

"आज बोलायचं."

"आज बोलतो."

घरी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. म्हातारीनं मोठ्या मुलाशी बरेच दिवस अबोला धरला, एवढं कानावर आलं. वकिलाला घेऊन ते पोलिसांत जबाब द्यायलाही गेले. पुढचं कोर्टाचं कोर्ट जाणे. केटामाइन त्यांना त्यानंतर दोनदाच लागलं. त्याला आता वर्ष उलटून गेलं. महिन्यातून एकदा बोलायला येतात. वाईट दिवस अजून असतात, खाट मात्र सुटली आहे. नाझिया म्हणते, औषधानं दार किलकिलं केलं, बाहेर ते स्वतः चालत गेले. मी तिला म्हणते, आणि तेच दार मी एकदा धाडकन लावलं होतं, तेही लिहून ठेव. म्हणून इथे मीच लिहिलं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. बाळाराम जिना उतरून गेले आणि वनिता माझ्यापाशी थांबली. त्या दिवशी तिनं डबा आणला नव्हता. तिनं विचारलं, "मॅडम, आज बोलले ते उद्या आठवंल ना त्यांना? इसरनार न्हाईत ना?"

"नाही विसरणार," मी म्हटलं. "आज मी काहीही दिलेलं नाही."

तिनं मान हलवली आणि खाली गेली. मी खिडकीशी उभी होते. बाळारामांनी सवयीनं गाडीचं मागचं दार उघडलं होतं. वनितानं ते ढकलून लावलं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार उघडून धरलं. एवढ्या गर्दीच्या रस्त्यावरही तिचा आवाज मला वर ऐकू आला.

"पुढं बसा, दादा. ते बसले व्हते तिथं."